मेफ्लायची नवी प्रजाती: विदर्भातल्या नाल्यापासून छापील वर्णनापर्यंत

आधी नाला ठरवा, मायक्रोस्कोपचं नंतर बघू. दिवाळी उलटल्यावरही वाहता राहणारा, तळाला रेती-गोटे असलेला, वरच्या अंगाने गावाचं सांडपाणी किंवा खाणीचं पाणी न येणारा नाला हवा. मेळघाटात सिपना, गडगा, खापरा, खंडू आणि डोलार या नद्यांना मिळणारे छोटे प्रवाह आहेत. गोंदिया-भंडाऱ्याकडे जंगलातून उतरणारे नाले आहेत, गडचिरोलीत तर तोटाच नाही. घरून सायकलने जाता येईल असा नाला मिळाला तर उत्तम. दूरचा देखणा धबधबा या कामाला तितका उपयोगी नाही. का, ते पुढे येईलच.

मेफ्लाय म्हणजे इफेमेरोप्टेरा गणातला कीटक. जवळजवळ सगळं आयुष्य तो पाण्याखाली लार्वा म्हणून काढतो. पंख आल्यावर तोंडाचे अवयव निकामी झालेले असतात, त्यामुळे खाणं बंद, आणि उरतात काही तास किंवा फार तर काही दिवस. पंख आल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा आजच्या कीटकांतला हा एकमेव गण. पाण्यातून बाहेर येतो तो मळकट पंखांचा सबइमॅगो, आणि तो कात टाकतो तेव्हा पारदर्शक पंखांचा इमॅगो, म्हणजे खरा प्रौढ. जगभरात साडेतीन हजारांहून जास्त प्रजातींना नावं मिळाली आहेत.

वर्णन करणाऱ्याची अडचण या दुहेरी आयुष्यातच आहे. ब्रिटिश मेफ्लाय-अभ्यासक ईटन यांचं १८८३ ते १८८८ या काळातलं मोठं काम असो किंवा त्यानंतरची बरीच वर्णनं, ती मुख्यतः पंखवाल्या कीटकांवरून झाली. पुढे पाण्याची गुणवत्ता तपासणारे अभ्यासक लार्वा गोळा करू लागले आणि कित्येक प्रजाती नुसत्या लार्वावरून छापल्या गेल्या. त्यामुळे आज कागदावर दोन वेगवेगळे ढीग आहेत, एक प्रौढांचा आणि एक लार्वांचा. तुमच्या नाल्यातला ‘नवा’ लार्वा हा शंभर वर्षांपूर्वी नाव मिळालेल्या एखाद्या प्रौढाचं बालपण असू शकतो. म्हणून माझं मत पक्कं आहे: हा लार्वा आणि हा प्रौढ एकच, हे दाखवता येत नसेल तर नव्या नावाची घाई करू नये. ही जोडी जुळवण्यासाठी नाल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ जाणारा माणूस लागतो. मुंबई-पुण्याची प्रयोगशाळा तिथे कमी पडते आणि धारणी, कुरखेडा किंवा देवरीचा शिक्षक पुढे जातो.

कागदपत्रं

व्याघ्र प्रकल्प, अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत नमुने घ्यायचे तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. त्यांचं कार्यालय नागपूरलाच आहे. अर्ज कॉलेज किंवा विद्यापीठामार्फत करा, एकट्याने केलेला अर्ज फिरत राहतो. हद्दीबाहेरच्या जंगलासाठी उपवनसंरक्षकांचं पत्र घ्या. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल, आणि गडचिरोलीत अशी गावं पुष्कळ आहेत, तर ग्रामसभेत जाऊन काम समजावून सांगा. रात्री नाल्यावर पांढरी चादर टांगून दिवा लावणारा माणूस दिसला की गावात चर्चा होणारच. सरपंच, पोलीस पाटील आणि वनरक्षक या तिघांना आधी सांगितलेलं असलं की काम निर्धास्त होतं. पोट्टे मात्र ‘का करून राहिले जी?’ म्हणत येतीलच. त्यांना ट्रे धरायला द्या, दगडाखालचं त्यांना आपल्यापेक्षा लवकर दिसतं.

अल्कोहोलचं वेगळं सांगायला हवं. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. कॅन भरून इथाइल अल्कोहोल घेऊन निघालात तर ‘किड्यांसाठी आहे’ हे उत्तर नाक्यावर कुणाला पटणार नाही. कॉलेजच्या नावावरचा उत्पादन शुल्क विभागाचा परवाना आणि प्राचार्यांचं पत्र सोबत ठेवा. ज्वलनशील द्रव असल्याने एसटीत तो नेऊच नका.

नाल्यात उतरल्यावर

पावसाळ्यातल्या पुराने तळ ढवळून निघतो, तेव्हा काही हाती लागत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. मार्चनंतर बरेच नाले डोहांपुरते उरतात. तेव्हा डोहांतही बघा, पण तिथली मंडळी वेगळी असते.

साधनं फार नाहीत. डी आकाराची हातजाळी, जिची छिद्रं अर्ध्या मिलिमीटरची असतील. झिंग्यांची जाळी चालत नाही, छिद्रं मोठी पडतात. एक पांढरा प्लास्टिकचा ट्रे, मऊ कुंचला, ड्रॉपर, बारीक टोकाचा चिमटा. जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला टेकवून वरच्या बाजूचा तळ पायाने ढवळा, मग दगड एकेक उचलून जाळीतच धुवा. चिमट्याने लार्वा उचलला की पाय आणि कल्ले तुटतात, म्हणून कुंचला किंवा ड्रॉपर वापरा.

ट्रेमध्ये काय फिरतंय ते नजरेने ओळखायला लवकर येतं. दगडाला चिकटून सरपटणारा चपटा, रुंद डोक्याचा तो हेप्टाजेनिडी कुळातला. सुळकन पोहून जाणारा, सडपातळ तो बीटिडी. गाळात हळूहळू चालणारा, पाठीवर दोन चौकोनी झाकणं असलेला छोटासा जीव केनिडी, कारण त्याच्या कल्ल्यांची दुसरी जोडी मोठी होऊन मागच्या जोड्यांवर झाकणासारखी बसते. दगडाखाली कुजक्या पानांजवळ, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले फडफडवत राहणारे लेप्टोफ्लेबिडी. काठच्या मातीत बीळ करणारे, जबड्यातून पुढे सुळे आलेले इफेमेरिडी. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांच्या काठाला गवतात बीटिडी कुळातलाच क्लोऑन सापडतो, त्याला वाहतं पाणी लागत नाही.

प्रौढांसाठी सूर्यास्तानंतर चादर आणि बॅटरीवरचा दिवा लावा. शक्य असेल तर अतिनील प्रकाशाची नळी वापरा. नरांचे थवे संध्याकाळी पाण्यावर वर-खाली नाचताना दिसतात, तिथे कीटकजाळी फिरवा. थव्यातून मिळालेले नर निरोगी, पूर्ण रंगाचे असतात. दिव्यावर आलेल्यांत सबइमॅगो आणि थकलेल्या माद्या जास्त.

लार्वा पाळणं: सगळ्या कामाचा कणा

पूर्ण वाढलेला लार्वा ओळखण्याची खूण म्हणजे पंखांच्या पिशव्या. पाठीवरच्या या पिशव्या काळ्या पडल्या, त्यांच्या आत घडी घातलेले पंख दिसू लागले, की तो एक-दोन दिवसांत बाहेर येणार. असेच लार्वा पाळायला घ्यायचे. लहान लार्वा घरी नेऊन मोठे करण्याच्या नादी सुरुवातीला लागू नका.

पाळायचं नाल्यातच. प्लास्टिकच्या छोट्या डब्याच्या दोन बाजूंना खिडक्या कापून त्यांवर बारीक नायलॉनची जाळी चिकटवा. डबा अर्धा पाण्यात, अर्धा वर राहील असा दगडांमध्ये अडकवा. आत एक खडबडीत काडी तिरपी ठेवा, म्हणजे लार्वाला वर चढता येईल. तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा. एका डब्यात एकच लार्वा, हा नियम मोडायचा नाही. दोन ठेवले आणि एकच माशी बाहेर आली तर कात कुणाची हे सांगता येत नाही, आणि सगळा खटाटोप वाया जातो. डब्यावर क्रमांक लिहा, वहीत तोच क्रमांक, आणि डब्यात टाकण्यापूर्वी लार्वाचा जिवंत फोटो. डबा उथळ, सावलीच्या जागी असू द्या. दुपारच्या उन्हात थांबलेलं पाणी तापलं की प्राणवायू कमी होतो आणि वाहत्या पाण्यातले लार्वा पहिल्यांदा मरतात.

सकाळी डबा उघडा. जाळीच्या आतल्या बाजूला मळकट, धुरकट पंखांचा सबइमॅगो बसलेला असेल आणि पाण्यावर किंवा काडीवर त्याची पातळ कात. कात लगेच क्रमांकाच्या कुपीत अल्कोहोलमध्ये टाका. सबइमॅगोला चिमटा लावायचा नाही, बोटही नाही. तो स्वतः कागदी कपात चालत जाईल असा कप त्याच्यासमोर धरा, वरून कापड बांधा आणि सावलीत, शांत जागी ठेवा. इथे विदर्भाची कोरडी हवा नडते. नोव्हेंबरातसुद्धा दुपारी हवा इतकी कोरडी होते की दुसरी कात अर्धवट निघते आणि पंख चुरगळून राहतात. कपाभोवती ओलं, पिळून घेतलेलं फडकं गुंडाळा, पण कपाच्या आत पाण्याचा थेंब नको, पंख चिकटतात. पंख्याखाली किंवा कूलरसमोर तर कप नकोच.

दुसरी कात कधी पडते? केनिडीत काही मिनिटांत, बऱ्याच इतर कुळांत रात्र उलटल्यावर, काहींत दीड-दोन दिवसही लागतात. इमॅगो बाहेर आल्यावर लगेच अल्कोहोलमध्ये टाकू नका. काही तास जाऊ द्या, रंग भरतो आणि मागचे अवयव कडक होतात. मग इमॅगो, सबइमॅगोची कात आणि लार्वाची कात तिन्ही एकाच कुपीत, एकाच क्रमांकाखाली ठेवा. या एका कुपीची किंमत जाळीत सापडलेल्या ढीगभर सुट्या नमुन्यांपेक्षा जास्त आहे, आणि असे पाच-सहा नर आणि तितक्याच माद्या हाती असल्या की पुढचं काम ठोस पायावर उभं राहतं.

लार्वाच्या कातीत तोंडाचे अवयव आणि नख्या उत्तम टिकतात, कल्ले मात्र चुरगळतात. म्हणून त्याच जागचे, त्याच रूपाचे काही पूर्ण वाढलेले लार्वा वेगळे, अख्खे जपायचेच.

जोडी जुळवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे डीएनए. माइटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा लार्वा आणि प्रौढ दोघांतून वाचून ताडता येतो. एक पाय पुरतो, तो ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये, थंड जागी ठेवायचा. हा पुरावा चांगला आहे, पण पाळलेल्या नमुन्याची जागा तो घेतो असं मला वाटत नाही. दोन्ही मिळाले तर प्रश्नच मिटला.

जपणूक आणि लेबल

शरीररचनेसाठी ८० टक्के अल्कोहोल पुरे. कुपी काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा नमुन्याला घुसळतो. अंधारात ठेवा, उजेडाने रंग उडतो. रंग तसाही उडतोच, म्हणून डोळ्यांचा रंग, पोटावरची नक्षी, पायांचे पट्टे यांचे फोटो जिवंतपणीच काढलेले हवेत.

लेबल म्हणजे नमुन्याचा सातबारा. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, नाल्याचं नाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि पाळण्याचा क्रमांक. तारखेत महिना रोमन आकड्यात लिहितात, म्हणजे ५ वा महिना की ५ तारीख हा घोळ होत नाही. जाड कागदावर पेन्सिलने लिहा आणि कुपीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि बाहेर चिकटवलेलं लेबल एक पावसाळाही टिकत नाही.

खरंच नवी आहे का?

आधी कुळ, मग प्रजातिसमूह म्हणजे जीनस, शेवटी प्रजाती. कुळापर्यंतच्या ओळख-किल्ल्या सहज मिळतात. जीनससाठी त्या कुळाचे अलीकडचे शोधनिबंध लागतात. दक्षिण भारतातल्या मेफ्लायांवर के. जी. शिवरामकृष्णन यांनी दीर्घकाळ काम केलं आहे, पश्चिम घाटातले लेप्टोफ्लेबिडी समजून घ्यायचे तर त्यांच्या निबंधांपासून सुरुवात करावी. जुने, कॉपीराइट संपलेले ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत फुकट वाचता येतात.

नुसत्या भारतातल्या प्रजातींशी ताडून थांबू नका. कीटकांना देशांच्या सीमा माहीत नसतात. श्रीलंका, म्यानमार, थायलंड, दक्षिण चीनपर्यंतची त्या जीनसची प्रत्येक प्रजाती एका तक्त्यात मांडा: कोणत्या रूपावरून वर्णन झालंय, नर की मादी, प्रौढ की लार्वा, आणि कोणती लक्षणं दिली आहेत. तक्त्यात रिकाम्या जागा भरपूर दिसतील. जिथे जुनं वर्णन चार ओळींचं आहे तिथे मूळ नमुना ज्या संग्रहालयात आहे तिथून त्याचे फोटो मागवा. बरीच संग्रहालयं विनंतीला उत्तर देतात. हे उत्तर यायला महिने लागतात, तोवर चित्रं काढा.

तीन गोष्टी नवख्याला हमखास फसवतात. पहिली, आकार: थंडीत वाढलेली पिढी गरम पाण्यात वाढलेल्या पिढीपेक्षा मोठी असते, प्रजाती तीच. दुसरी, तुटून पुन्हा उगवलेला पाय किंवा कल्ला नेहमीपेक्षा छोटा आणि वेगळ्या आकाराचा असतो, म्हणून डावी-उजवी बाजू दोन्ही बघा. तिसरी, सबइमॅगोला इमॅगो समजणं: पंखाच्या कडेला केसांची झालर आणि पंख धुरकट असतील तर तो अजून प्रौढ नाही, त्याचे पुढचे पाय आणि मागचे अवयव अपुरे आहेत, त्यांवरून मोजमाप देऊ नका.

प्रौढ नर टेबलावर

वर्णनाचा मुख्य भार नरावर असतो. डोळ्यांपासून सुरू करा. बीटिडीत नराच्या डोळ्याचा वरचा भाग वेगळा, उंच वाढलेला आणि वेगळ्या रंगाचा असतो; त्याची उंची, वरून दिसणारा आकार आणि दोन डोळ्यांमधलं अंतर नोंदवा. मग पुढचा पाय. उडताना मादीला खालून धरण्यासाठी तो लांब झालेला असतो. त्याच्या फीमर (मांडी), टिबिया (नडगी) आणि टार्ससच्या (पाऊल) प्रत्येक खंडाची लांबी मोजा आणि आकडे गुणोत्तरात मांडा. पायाच्या टोकाच्या दोन नख्या सारख्या आहेत, की एक बोथट आणि एक आकड्यासारखी, हे जीनस ठरवायला कामी येतं.

पंख कापून, सुकवून, स्लाइड आणि कव्हरस्लिपच्या मध्ये कोरडाच ठेवा, कडा चिकटवून टाका. कोस्टा, सबकोस्टा, रेडियस, मीडिया, क्युबिटस या शिरा ओळखा. कोणती शीर कुठे दुभंगते आणि तिचे फाटे सारखे की एक बाजूला ओढलेले, ते नेमकं काढा. पंखाच्या बाहेरच्या कडेला शिरांच्या मध्ये सुटे तुकडे असतात. क्लोऑनमध्ये ते एकेकटे, बीटिसमध्ये जोडीजोडीने. पंखाच्या वरच्या टोकाजवळच्या आडव्या शिरा मोजा, पण एका नमुन्यावर विसंबू नका, दहा पंखांत हा आकडा हलतो. मागचा पंख आहे का, असल्यास त्याच्या वरच्या कडेवरचा उंचवटा कुठे आणि किती टोकदार, हे पुढचं. केनिडी आणि क्लोऑनमध्ये मागचे पंख नसतातच.

आता मागचे अवयव. पोटाचे शेवटचे खंड कापून थंड, १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर ठेवा, मग पाण्याने धुऊन ग्लिसरीनमध्ये पालथे, म्हणजे खालची बाजू वर येईल असे मांडा. फोर्सेप्स म्हणजे मादीला पकडण्याची जोडी, तिचे खंड किती, पहिल्या खंडाच्या आतल्या बाजूला फुगवटा आहे का, शेवटचा खंड त्याआधीच्या खंडाच्या किती पट. दोन्ही फोर्सेप्सना जोडणारी पट्टी सरळ, खाचदार की फुगीर. मग पीनिसच्या दोन पाळ्या: कुठपर्यंत जुळलेल्या, टोकाला काटे किंवा वळण आहे का. लेप्टोफ्लेबिडीत प्रजाती बहुतेक इथेच वेगळी पडते. बीटिडीत मात्र हे अवयव मऊ पडद्याचे असतात, प्रजातीप्रजातीत फरक दिसत नाही, आणि तिथे लार्वाच खरा साक्षीदार ठरतो. चुकूनही कव्हरस्लिप दाबून बसवू नका, दाबलेल्या पाळ्या पसरतात आणि तुम्ही स्वतःच बनवलेल्या आकाराचं चित्र काढता.

मादीसाठी सातव्या आणि नवव्या खंडाच्या खालच्या पट्टीचा आकार पुरे. पोटातली थोडी अंडी बाजूला काढून ठेवा. विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर वेळ मिळाला तर अंड्याच्या कवचावरची नक्षी बघता येईल.

शेपटीचे धागे दोन की तीन, लांबी शरीराच्या किती पट, पट्टे आहेत का. बस.

लार्वा टेबलावर

इथे वेळ लागतो, आणि तो द्यावा. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ग्लिसरीनच्या थेंबात डोकं वेगळं करा. सुया म्हणून इन्सुलिनच्या सिरिंजची सुई काडीला लावून वापरता येते, बाजारातल्या महागड्या सुयांपेक्षा ती बारीक असते. क्रमाने काढा: वरचा ओठ म्हणजे लेब्रम, दोन मँडिबल म्हणजे जबडे, त्यामागचे दोन मॅक्सिला म्हणजे उपजबडे, मधला जिभेसारखा हायपोफॅरिंक्स, खालचा ओठ म्हणजे लेबियम. डावं आणि उजवं मँडिबल वेगळं असतं, दोन्ही स्वतंत्र काढा आणि कोणतं कोणतं ते तेव्हाच लिहून ठेवा.

लेब्रमवर वरच्या बाजूच्या केसांची कमान असते. बीटिडीत तिच्यातले केस मोजणं आवश्यक, त्यांचं टोक साधं की पिसासारखं तेही. मँडिबलवर कापणाऱ्या दातांची रचना आणि त्याखालची दळणारी पट्टी. मॅक्सिला आणि लेबियमच्या पाल्पचे, म्हणजे बोटासारख्या स्पर्शकाचे, खंड किती, शेवटचा खंड गोल, टोकदार की छाटलेला. मग पाय: फीमरच्या बाहेरच्या कडेवरचे काटे, त्यांचा आकार आणि संख्या, नखीच्या आतल्या बाजूचे दात. नखीवरचे दात मोजताना टोकाकडचा एखादा मोठा दात वेगळा सांगा.

कल्ले कोणत्या खंडांवर आहेत हे आधी. सात जोड्या हे मूळ रूप, अनेक गटांत त्यातल्या काही गेल्या आहेत. प्रत्येक कल्ला वेगळा काढून चित्र करा, पहिल्या आणि शेवटच्या कल्ल्यात बहुधा सर्वांत जास्त फरक असतो. पाठीवरच्या प्रत्येक खंडाच्या मागच्या कडेवरचे काटे आणि बाजूचे टोकदार कोपरे कोणत्या खंडापासून सुरू होतात, तेही नोंदवा.

कायमच्या स्लाइडसाठी अवयव ७०, ८०, ९० आणि शुद्ध अल्कोहोल असे चढत्या क्रमाने न्या, मग लवंगेचं तेल, मग कॅनडा बाल्सम. स्लाइडवर कुपीचाच क्रमांक. चित्रं कॅमेरा ल्युसिडाने (मायक्रोस्कोपमधली प्रतिमा कागदावर गिरवू देणारं साधन) काढलेली असोत किंवा फोटोवरून गिरवलेली, प्रत्येकाला मोजपट्टी हवी. फोटोच्या जोडीला रेषाचित्र हवंच. फोटो सगळं दाखवतो, रेषाचित्र काय बघायचं ते सांगतं.

लिहायला बसल्यावर

क्रम बहुतेक सगळीकडे ठरलेला आहे: नाव, पाहिलेले नमुने, वेगळेपणाची लक्षणं, प्रौढ नर, मादी, लार्वा, नावाचा अर्थ, कुठे सापडते, राहणीमान, आणि शेवटी चर्चा. सर्वांत आधी ‘वेगळेपणाची लक्षणं’ लिहा. पाच-सहा लक्षणांचा असा संच, जो माहीत असलेल्या दुसऱ्या कोणत्याही प्रजातीत एकत्र सापडत नाही. हा परिच्छेद जमत नसेल तर प्रजाती अजून तयार नाही.

‘पुढचा पंख बराच लांब’ असं लिहू नका. ‘पुढचा पंख ७.२ ते ७.८ मि.मी., ६ नर’ असं लिहा. ‘तपकिरी’ या शब्दावर वर्णन तोलू नका, अल्कोहोलमध्ये सगळेच तपकिरी होतात. कुठलाही आकडा किती नमुन्यांवरून आला ते कळलं पाहिजे. भाषेबद्दल प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेचं बंधन नाही, मराठीत लिहिलेलं वर्णनही चालू शकतं. पण ताडून पाहणारे लोक चीन, ब्राझील, स्वित्झर्लंडमध्ये बसलेले आहेत, तेव्हा निबंध इंग्रजीत लिहा आणि गावासाठी मराठीत वेगळा लेख करा.

होलोटाइप म्हणजे नावाचा एकमेव आधारनमुना. १९९९ नंतरच्या नव्या प्रजातीसाठी तो स्पष्ट नेमावाच लागतो आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा जाईल हेही छापावं लागतं. पाळून मिळालेला नर इमॅगो निवडा. त्याच्या दोन्ही काती त्याच जिवाच्या असल्याने त्या होलोटाइपचाच भाग ठरतात, आणि प्रौढ-लार्वा जोडी कायमची नावाशी बांधली जाते. बाकीचे निवडक नमुने पॅराटाइप.

नाव

गावावरून नाव द्यायचं तर शेवटी ‘एन्सिस’ लावतात. जीनसच्या नावाच्या व्याकरणातल्या लिंगाप्रमाणे ते बदलतं: इफेमेरा स्त्रीलिंगी, तिथे ‘एन्सिस’ चालतं, क्लोऑन नपुंसकलिंगी, तिथे ‘एन्से’ करावं लागतं. पुरुषाच्या नावाला ‘आय’, स्त्रीच्या नावाला ‘ए-ई’ अशी अक्षरं जोडतात. स्वतःचं नाव कुणी देत नाही, हसं होतं. कोरकू किंवा गोंडी शब्दही घेता येतो, तो जसाच्या तसा ठेवता येतो आणि मग लिंगाचा प्रश्न येत नाही. मात्र शब्द ज्यांचा आहे त्यांना विचारून घ्या, आणि उच्चार लॅटिन लिपीत कसा उतरतो ते त्यांना वाचून दाखवा. साहेब लोकांची नावं देण्याची पद्धत मला फारशी आवडत नाही. नाला ज्या गावाचा आहे त्या गावाचं नाव पुढच्या अभ्यासकाला थेट जागेवर तरी आणून सोडतं.

छापणं आणि जमा करणं

पैसे घेऊन चार दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. झूटॅक्सा, जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा, भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं रेकॉर्ड्स अशी ठिकाणं आहेत, जिथे मेफ्लाय जाणणारा परीक्षक तुमचा मजकूर वाचतो. निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी आणि निबंधात त्या नोंदणीचा पुरावा असल्याशिवाय नाव वैध ठरत नाही. हा नियम २०१२ पासून आहे. नोंदणी फुकट आहे.

जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती नेमलेल्या संग्रहाला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी ते काम १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे आहे. मुख्यालय कोलकात्याला आहे, आपल्याला जवळची केंद्रं पुणे आणि जबलपूर. होलोटाइपच्या कुपीत लाल लेबल टाका, स्लाइडा आणि पंख सोबत पाठवा, कुठली स्लाइड कुठल्या कुपीची याची यादी जोडा. शक्यतो स्वतः नेऊन द्या, कुरिअरमध्ये कुपी फुटली तर दुसरा होलोटाइप मिळत नाही. परदेशातल्या तज्ज्ञाला नमुना पाठवायचा असेल तर आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम बघा. फोटो आणि चित्रं पाठवायला मात्र कुणाची ना नाही.

निबंध छापून आला की त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या आणि लोक जैवविविधता नोंदवहीत प्रजातीची नोंद करून घ्या: नाव, नाल्याचा कोणता टप्पा, कोणत्या महिन्यांत लार्वा सापडतो, आणि ओळखता येईल असा रंगीत फोटो. उरलेले पॅराटाइप दोन ठिकाणी वाटून ठेवा, एक वाटा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात आणि दुसरा मेफ्लायांवर काम चालू असलेल्या दुसऱ्या एखाद्या भारतीय संग्रहात. तुमच्या कपाटात फक्त अनुक्रमाची वही राहू द्या.